तक्रारीवर सही केली, बहिष्काराच्या कागदावर नाही

वसनाकाठचा

नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातली गोष्ट आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या माणसाबद्दल लिहितोय तो अजून कुठंच दोषी ठरलेला नाही.

आमच्या दूध संस्थेत फॅट काढायला एक तरुण आहे. दिवाळीनंतर बऱ्याच सभासदांची फॅट घसरली. माझ्या गायींची पावती ३.८ च्या आसपास असायची, ती ३.४ वर आली. ३.५ च्या खाली गेलं की पॉइंटमागं दर तुटतो, आणि दहा दिवसांचा पगार हातात आला की ते लगेच कळतं. वैरण तीच, पेंड तीच. लोकांत कुजबुज सुरू झाली की दूध चांगलं जातंय, आमच्या नावावर मात्र कमी लागतंय, मग मधला फरक कुठं जातो? आम्ही काही सभासदांनी संस्थेकडं लेखी तक्रार दिली. त्यावर माझी सही आहे आणि ती मी आजही मागं घेतलेली नाही.

पण दोन दिवसांत गावच्या ग्रुपवर त्या पोराचा फोटो आला. खाली लाल अक्षरांत 'दूधचोर'. त्याची बायको पिठाची गिरणी चालवते, तिथं दळण न्यायचं लोकांनी बंद केलं. मग पारावर बैठक झाली आणि एक कागद फिरला: त्या घराशी कुणी देणंघेणं ठेवायचं नाही, लग्नकार्याला बोलवायचं नाही. त्या कागदावर मी सही केली नाही. आता मला विचारतात, "तक्रार तूच केलीस, मग आता शेपूट का घालतोस?" काही जण म्हणतात की मी फितूर झालो.

माझं म्हणणं असं. तक्रार केली तेव्हा मी त्याच्याकडं हिशेब मागितला. हिशेब मागणारा उत्तर ऐकायला बांधील असतो, आणि माझं म्हणणं खोटं ठरलं तर त्याची जबाबदारीही माझी. पारावरच्या कागदात त्याला उत्तर द्यायला जागाच नाही. तिथं निकाल लागून गेलाय. या दोन गोष्टी एक नाहीत हे मला आतून पक्कं वाटतं, पण गावकीत बोलायला उभा राहिलो की शब्द अपुरे पडतात. तुम्ही काय सांगाल?

रोखठोक_वाई

दादा, तुमचा स्वभाव चांगला आहे, पण मला पटत नाही. आमच्याकडं पतसंस्था बुडाली. ठेवीदार चौकशीची वाट बघत म्हातारे झाले, काही गेले. संचालक मात्र लग्नांत पुढच्या रांगेत बसतात. 'अजून सिद्ध कुठं झालंय' हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून ऐकत आलोय. गरिबाच्या हातात ना वकील, ना ओळखी. त्याच्याजवळ एकच हत्यार, चारचौघांत तोंडावर सांगायचं की तू खाल्लंस. तेही काढून घेतलं तर उरलं काय?

डेअरीतला_माणूस

कराडकडं संकलन केंद्रावर बरीच वर्षं फॅट काढण्याचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फॅट घसरली म्हणजे चोरी झालीच असं नाही. आणि चोरी होत नाही असंही नाही. दोन्ही डोळ्यांनी पाहिलंय.

आधी दुधाचं. किटलीतलं दूध थोडा वेळ उभं राहिलं की साय वर धरते. न ढवळता वरून नमुना उचलला तर फॅट जास्त लागते, तळातून उचलला तर कमी. सकाळच्या गर्दीत प्लंजर, म्हणजे दूध ढवळायचा दांडा, नीट न फिरवता माप घेणारे मी कितीतरी बघितले, त्यांच्या मनात काही काळंबेरं नसायचं. दुसरं, पहिल्या धारा पातळ असतात, खरी फॅट शेवटच्या धारांत. कास पूर्ण पिळली नाही किंवा शेवटचं वासराला सोडलं तर पावतीवर दिसणारच. दोन धारांमधलं अंतर वाढलं तरी फॅट उतरते. आणि थंडीत लोक लसूणघास, हिरवा मका सढळ हातानं टाकतात, कडबा कमी होतो. जनावराच्या पोटात तंतू कमी गेला की दूध टिकतं पण फॅट पडते. 'वैरण तीच' म्हणता, पण कडबा किती आणि ओलं किती हे एकदा बघा.

आता मशीनचं. रोजच्या रोज साफ केलं नाही, कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची जुळणी, हललं, तर आकडा हलतो. त्यामुळं मी पहिला प्रश्न विचारीन की फॅट सगळ्यांची एकदम घसरली का ठरावीक लोकांची? सगळ्यांची सारखी घसरली असेल तर आधी मशीनकडं बघायचं. काहींची घसरली आणि काहींची वाढली असेल तर माणसाकडं बघायला जागा आहे.

शेवटी पैशाचं, कारण खरी गाठ तिथं आहे. समजा त्यानं तुमची फॅट मुद्दाम कमी लावली. संस्थेचं दूध घेणाऱ्या वरच्या दूध संघाकडून जादा फॅटचे पैसे येतील ते संस्थेच्या खात्यात, पोराच्या खिशात नाही. त्याच्या खिशात जायचे तर मधे कुणाच्या तरी नावावर न घातलेलं दूध मांडावं लागतं. म्हणजे बोगस खातं पाहिजे. म्हणून त्याच दिवसांचं सभासदांच्या पावत्यांचं सरासरी फॅट आणि संघाच्या पावतीवरचं फॅट समोरासमोर ठेवा, आणि कुणाच्या खात्यावर गोठ्यातल्या जनावरांना न पेलणारं दूध दिसतंय का ते बघा. हे दोन कागद बोलले तर तक्रारीत दम आहे. बोगस खातं सापडलं तर ते एकट्या फॅट काढणाऱ्याला जमतं का, सचिवाला कळल्याशिवाय होतं का, हाही प्रश्न येईल.

ग्रुपवर ज्याचा फोटो फिरवला तो त्या संस्थेतला सगळ्यात कमी पगाराचा माणूस आहे, हे तेवढं ध्यानात घ्या.

वसनाकाठचा

दादा, हे सगळं तक्रारीत लिहायला हवं. आमच्या अर्जात 'फॅट कमी लागते, चौकशी व्हावी' एवढंच आहे. सगळ्यांची घसरली का काहींची, हे आम्ही एकमेकांना विचारलंसुद्धा नाही. उद्या पावत्या गोळा करतो.

माहुली_संगम

रोखठोक यांचा संताप खरा आहे, पण साताऱ्यानं ही गोष्ट राजाच्या बाबतीत भोगलेली आहे, ती इथं सांगायलाच हवी.

छत्रपती प्रतापसिंह महाराज. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं, १८१९ मध्ये तह केला. पुढं खटके उडायला लागले आणि १८३६ मध्ये त्यांच्यावर कारस्थानाचे आरोप ठेवून गुप्त चौकशी बसवली. कंपनीच्या पलटणीतले देशी अधिकारी फितवायचा प्रयत्न केला, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत राजाशी पत्रव्यवहार केला, असे आरोप. आरोप करू नयेत असं माझं म्हणणं नाही. सत्तेला संशय आला तर तिनं विचारावं. पण नीट विचारलंच नाही. महाराजांना आरोपांची नक्कल दिली नाही, साक्षीदारांना उलट प्रश्न करू दिले नाहीत, बचावाची रीतसर संधी दिली नाही. बऱ्याच साक्षी त्यांच्या पाठीमागं नोंदवल्या गेल्या.

मग १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यात आला. त्याचं सांगणं असं की तह मोडल्याचं कबूल करा, अटी मान्य करा, गादी तुमचीच राहील. हा देकार नीट बघा. गादी वाचवायची तर एका सहीचं काम होतं. महाराजांनी सही दिली नाही. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देणार नाही, चौकशी करायची तर रीतसर करा, ही त्यांची भूमिका. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला नेलं आणि १८४७ मध्ये ते तिथंच वारले. पुढच्याच वर्षी गादीवर बसवलेले त्यांचे बंधूही गेले आणि सातारा संस्थान खालसा झालं.

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, जवळजवळ १४ वर्षं, तिथं खेटे घालत राहिले. सारा आटापिटा एवढ्यासाठी की आमच्या राजाचं म्हणणं एकदा ऐकून घ्या. साताऱ्यातल्या चार भिंतीवर फिरायला जाणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो. तिथलं स्मारक ज्यांची आठवण सांगतं त्यांत रंगो बापूजी आहेत.

तुमच्या गावात तो पोरगा राजा नाही आणि पार म्हणजे कंपनी सरकार नाही. पण त्याला आरोपांची नक्कल मिळालीय का? त्याला बैठकीला बोलावलं होतं का?

वसनाकाठचा

नाही. बैठक त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर झाली, पण त्याला बोलावलं नव्हतं.

रोखठोक_वाई

माहुलीकर काका, इतिहास मान्य. पण तिथं कमजोर बाजू राजाची होती, आरोप करणारी सत्ता होती. पतसंस्थेत उलटं असतं. आरोप करणारा दुबळा आणि ज्याच्यावर आरोप तो बळकट. दोघांना एकच माप कसं लावायचं?

सांगलीची_लेक

रोखठोक दादांचा हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बायका रोज इथंच अडतात. मी सांगलीत एका संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीवर काम करते. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, त्याखालची समिती. कुठली केस, कुणाची, हे काहीच सांगणार नाही, सांगायची परवानगीही नाही. पण कायद्याची रचना सांगते, ती या धाग्याला लागू आहे.

बाईनं तक्रार केली की पहिला निकाल तिच्यावर लागतो. 'ही तसलीच', 'बढती मिळाली नाही म्हणून करतीय'. तिचं ऐकायच्या आधी तिला दोषी ठरवलेलं असतं. म्हणून 'आधी सिद्ध कर, मग बोल' या वाक्याचा मला राग आहे. सिद्ध करायचं ते चौकशीत. बोलायला, तक्रार करायला, प्रामाणिक कारण पुरेसं असलं पाहिजे. वसनाकाठच्या दादांनी तक्रार केली तेव्हा त्यांच्याकडं पुरावा नव्हता, फक्त पावत्या आणि शंका होती. तरीही तक्रार योग्यच होती.

कायद्यात समितीनं दोघांचं ऐकायचं असतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारीची प्रत द्यायची, त्याचं लेखी उत्तर घ्यायचं. चौकशी ९० दिवसांत संपवायची. आणि एक तरतूद मला फार मोलाची वाटते. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कारवाईची शिफारस करता येते, पण केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून बाईवर कारवाई होऊ नये, असं कायद्यातच लिहिलंय. समोरचा सुटला म्हणजे ही खोटारडी, असा उलटा निकाल लावायला कायदा मनाई करतो.

हे गावकीत कुणी बोलत नाही. उद्या तुमच्या चौकशीत मशीन बिघडलेलं निघालं तर तुम्हालाच 'गरिबाच्या पोटावर उठलेला' म्हणतील. तेही तितकंच चूक असेल. दुबळ्याच्या हातातलं हत्यार म्हणजे तक्रार, आणि ती करणाऱ्याला संरक्षण पाहिजेच. पण आयुष्यातून उठवायचा अधिकार एकदा गावाच्या हातात दिला की तो दुबळ्यावरच आधी चालतो. फोटो कुणाचा फिरला बघा. संचालकाचा नाही फिरला.

पालावरचा

ताईंचं शेवटचं वाक्य आमच्या लोकांनी जगून बघितलंय. मी पारधी समाजातला. १८७१ ला इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, पुढं तो वाढवत नेला. त्यात कुणी काय केलं हा प्रश्नच नव्हता. कुठल्या जमातीत जन्मलास एवढंच बघायचे. माझा आजा हजेरी देऊन म्हातारा झाला. रात्री पाल सोडून कुठं जायचं तर चिठ्ठी लागायची. कायदा १९५२ ला रद्द झाला. ३१ ऑगस्टला आम्ही विमुक्त दिन पाळतो.

पण चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून पहिल्यांदा आमच्या वस्तीवर येते. आमच्यावर आरोप करा, खुशाल करा. नाव घ्या, दिवस सांगा, काय नेलं ते सांगा. मग आम्हाला उत्तर देता येतं, त्या रात्री कुठं होतो ते दाखवता येतं. 'हे असलेच' म्हणलं की त्याला उत्तर काय देणार माणूस? आमच्यातली जी पोरं शिकून बाहेर पडली ती अजून गावाचं नाव सांगताना दबकतात.

दादा, कागदावर सही केली नाहीत, बरं केलंत.

सातारा_बार

वकिली करते, म्हणून नेमकं तेवढंच लिहिते.

बहिष्काराचा तो कागद आधी फाडायला सांगा, किंवा खरं म्हणजे जपून ठेवा, कारण तो पुरावा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू. जात पंचायत, गावकी, कुणीही समूहानं एखाद्या कुटुंबाशी व्यवहार तोडायला सांगितलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्यांनी सह्या केल्या त्यांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. त्यांना धमकी म्हणून सांगू नका. बऱ्याच जणांनी न वाचताच सही केली असेल.

ग्रुपवरचा फोटो ही बदनामी होऊ शकते, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. मात्र त्याच कलमाच्या अपवादांत एक असा आहे की ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे अशा व्यक्तीकडं सद्भावनेनं आरोप केला तर ती बदनामी नाही. म्हणजे तुमची संस्थेकडची तक्रार सुरक्षित आहे, फोटोवाल्याचा मजकूर सुरक्षित नाही. चांगल्या मनानं, योग्य दारात आरोप करणाऱ्याच्या पाठीशी कायदा उभा राहतो.

संस्थेनं तक्रार दाबली तर सहायक निबंधक, दुग्ध यांच्याकडं जा. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८३ खाली चौकशी लावता येते. एक पंचमांश सभासदांचा अर्ज असेल तर मागणीला वजन येतं, निबंधक स्वतःहूनही लावू शकतात. चौकशीत पैशाचा घोळ निघाला तर कलम ८८ खाली कुणी किती भरायचे ते ठरतं, आणि तिथंही संबंधिताला म्हणणं मांडू दिल्याशिवाय आदेश होत नाही. रोखठोक, तुमच्या पतसंस्थेलाही हीच कलमं. त्या वेळी ८३ चा अहवाल आला होता का? आला असेल तर नक्कल मागा. ठेवीदारांची ताकद त्या अहवालात असते.

राजपथ_४१५००१

दाभोलकर सर आमच्या साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. निकाल लागला १० मे २०२४ ला. पाच आरोपींपैकी दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. अकरा वर्षं ज्यांनी वाट बघितली त्यांना हे पचवणं सोपं नव्हतं, मलाही नव्हतं. तिघांच्या सुटकेबद्दल वरच्या कोर्टात दाद मागता येते, मागावीही. पण त्यांना रस्त्यात गाठा असं सरांच्या माणसांपैकी कुणी म्हणालं नाही. पुरावा मागायला शिकवणाऱ्या माणसाच्या खुनाचा न्याय पुराव्यावरच व्हायला हवा होता.

रोखठोक_वाई

वकीलताई, ८३ चा अहवाल झाला होता असं ऐकून आहे. आमच्यापैकी कुणी नक्कल मागितली नाही. मागतो.

बाकी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला चारचौघांत प्रश्न विचारायचा हक्क मी सोडणार नाही. पण गिरणीवरचं दळण बंद करणं हे मला पटत नाही. त्या बाईनं काय केलंय? तिच्यावर तर कुणी आरोपसुद्धा केलेला नाही.

माहुली_संगम

चारचौघांत विचारायचा हक्क सोडूच नका. आमच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे काय करून गेले? १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबोवांनी आधी चौकशी केली आणि मग राघोबादादांना तोंडावर सांगितलं की याला देहान्त प्रायश्चित्त. नोकरी सोडून निघून गेले. एवढ्या मोठ्या माणसावर बोट ठेवलं, पण तपासाशिवाय ठेवलं नाही.

त्याच प्रकरणात आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला हे मात्र आपण आजीच्या मांडीवर ऐकतो आणि खरं धरून चालतो. त्यांच्या सहभागाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. त्या बाईचं म्हणणं कुणी विचारलं का, हा प्रश्न आपल्याला सुचतसुद्धा नाही.

वसनाकाठचा

सगळ्यांचे आभार. काल आणि आज मिळून बऱ्याच घरांतल्या पावत्या बघितल्या. फॅट सगळ्यांची घसरलेली नाही. काहींची घसरलीय, काहींची आहे तशी आहे, दोघांची वाढलीय. म्हणजे शंका राहतेच, उलट थोडी वाढली. तरीही मी गिरणीवर दळण घेऊन गेलो. त्याची बायको काही बोलली नाही, पीठ तोलून दिलं आणि पैसे घेतले.

परवा संचालक मंडळाची बैठक लावून घेतलीय. तक्रार नव्यानं लिहिलीय, तारखा आणि पावत्यांचे आकडे घालून. तिची एक प्रत त्याला आधी द्यायची असं सचिवाला लेखी कळवलंय. फोटो टाकणाऱ्याला भेटून काढायला लावला. तो म्हणाला, "उद्या चोर निघाला तर?" मी म्हटलं, निघाला तर अहवाल येईल, तो संस्थेच्या फळ्यावर लाव, मी स्वतः येतो.

डेअरीतले दादा, एकच विचारायचंय. बैठकीत त्याच्यासमोर दुधाची तपासणी करायची म्हणतोय. ती कशी करावी म्हणजे नंतर कुणाला बोट ठेवता येणार नाही?

डेअरीतला_माणूस

सकाळच्या संकलनालाच करा, बैठकीत नको. ज्यांची घसरलीय, ज्यांची आहे तशी आहे आणि ज्यांची वाढलीय अशा तिन्ही प्रकारच्या सभासदांचं दूध घ्या. किटली प्लंजरनं चांगली ढवळायची आणि एकाच किटलीतून दोन बाटल्या भरायच्या. एक त्यानं नेहमीसारखी त्याच्या मशीनवर लावायची, दुसरी सील करून बर्फात घालून बाहेरच्या प्रयोगशाळेत गर्बर पद्धतीनं तपासून घ्यायची. त्यात आम्लानं बाकी सगळं विरघळवून नुसती फॅट नळीत मोजतात, त्यामुळं मशीनच्या कॅलिब्रेशनचा वाद उरत नाही. मशीन आणि गर्बर यांत सगळ्यांना सारखाच फरक आला तर मशीन दुरुस्तीला पाठवा. फरक माणसागणिक बदलला तर पुढचं कलम ८३. वजनकाट्यावर वैधमापनचा शिक्का आणि त्याची मुदत आहे का तेही त्याच दिवशी बघून घ्या, फुकटात होतं.

दोन्ही बाटल्यांच्या चिठ्ठीवर सभासदाची, सचिवाची आणि त्या पोराची सही घ्या. सील त्याच्याच हातानं लावू द्या, आणि त्याला त्याच्या बाजूचा एक माणूस आणायचा असेल तर आणू द्या.